पन्नाशीनंतरचा गुड फ्रायडे

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रविवारी निवांत वाचा.

मला ५२ पूर्ण झाली. जन्म भंडाऱ्याचा, नोकरीही याच जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आणि जन्मापासून ख्रिस्ती. "जन्मापासून" हे मुद्दाम लिहितोय, कारण नाव सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात?" मी म्हणतो, मी नाही झालो बाप्पा, माझे पणजोबा झाले, आणि त्यांना विचारायचं तर आता वरच जावं लागेल. लोक हसतात, विषय संपतो. एक-दोघं तर हळूच विचारतात की काही मिळतं का. त्यांना मी कापणीच्या सणाचं सांगतो. त्या दिवशी चर्चमध्ये शेतमालाचा लिलाव होतो. मी घरच्या वेलीचा दुधी अर्पण करतो आणि दुसऱ्याने आणलेला तसाच दुधी तीनशे रुपयाला घेऊन घरी येतो. मिळतं ते हे.

ख्रिस्ती माणसाबद्दल बोलणं निघालं की ते धर्मांतरावर येऊन थांबतं. टीव्हीवर तेच, सभांमध्ये तेच, व्हॉट्सॲपवर तेच. आमच्या मंडळीतली खरी काळजी मात्र वेगळी आहे, आणि ती फक्त आमची नाही, म्हणून इथं लिहितोय. आम्ही म्हातारे होत चाललोय आणि मागे माणसं कमी आहेत.

आमची मंडळी लहानच. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, त्यांच्या नावाचं कॉलेज आजही तिथं आहे. त्यांच्यामागून आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी पुढे भंडाऱ्यातही काम सुरू केलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बाबा सायकलने वरठी स्टेशनवर गेले आणि पॅसेंजर धरून त्या सोहळ्याला नागपूरला गेले होते. तेव्हा त्यांची अठ्ठाविशी. ते हे सांगायचे तेव्हा वाटायचं, केवढी माणसं असतील यांच्या वेळी! आज राज्यात ख्रिस्ती लोक एक टक्काही नाहीत, आणि १२ लाखांच्या आपल्या जिल्ह्यात तर आम्हाला शोधून काढावं लागतं.

त्यात तरुण पोरं-पोरी शिकून बाहेर गेली. जावंच लागतं. इथं धान आहे, तुमसरकडे मँगनीजच्या खाणी आहेत, वरठीचा स्टीलचा कारखाना आहे, जवाहरनगरची फॅक्टरी आहे, गडेगावला ट्रकचा कारखाना आहे. पण सगळ्यांना पुरेल एवढं काम नाही. मग नागपूर, बुटीबोरी, पुणे, हैदराबाद. माझी मुलगीही पुण्यात आहे. ती सुखात आहे, तिला इथं ओढून आणायची माझी इच्छा नाही. पण रविवारी चर्चमध्ये बाकांकडे नजर टाकली की केस पांढरे नाही तर काळे केलेले, एवढाच फरक दिसतो.

शवपेटी उचलायला सहा जण लागतात. माझ्या लहानपणी दफनविधीच्या वेळी सेक्रेटरी हाक द्यायचे, "तरुण संघवाले, पुढे या." आजही तीच हाक येते आणि पुढे आम्हीच जातो. तेच सहा जण. एकाच्या गुडघ्याला पट्टा आहे, एकाला स्टेंट बसलाय, मी बीपीच्या गोळीवर. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका मावशीला नेताना कबरस्तानाच्या रस्त्यावर इतका चिखल होता की दोन ठिकाणी पेटी खाली ठेवावी लागली. तेव्हा मावशींच्या शेजारचे दोघं बौद्ध भाऊ आणि चौकातला किराणावाला न सांगता खांद्याला लागले. किराणावाले मुसलमान आहेत. त्यांनी चपला काढून हातात धरल्या होत्या. दफन होईपर्यंत तिघंही थांबले, मातीही टाकली. मावशींच्या मुलाची फ्लाइट उशिरा होती, तो संध्याकाळी पोहोचला.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात आहे. तरुणपणीचा विश्वास मला माहीत आहे. गिटार, शिबिरं, नाताळचे कॅरोल, रात्री दोन वाजेपर्यंत प्रार्थनासभा. म्हाताऱ्यांचा विश्वासही रोज बघतो. आई ७८ वर्षांची आहे, पहाटे पाचला उठून स्तोत्र म्हणते, मग चहा. पण मधल्या वयाचा विश्वास कसा असतो? परीक्षा पास होऊ दे, नोकरी लागू दे, लग्न जमू दे हे मागून झालं. काही मिळालं, काही नाही मिळालं. आता काय मागायचं?

याच विचारात असताना यंदाचा गुड फ्रायडे आला. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार सात जणांना वाटून देतात आणि प्रत्येकाने थोडं बोलायचं असतं. तरुणपणी मला पहिला उद्गार आवडायचा, क्षमेचा. त्यावर वाक्यं आपोआप सुचतात. यंदा पाळकसाहेबांनी मला तिसरा दिला. येशू वरून खाली बघतो, आईला आपल्या आवडत्या शिष्याच्या हवाली करतो आणि त्या शिष्याला सांगतो की ही आता तुझी आई.

तयारीला बसलो. चष्मा लावूनही बायबलची बारीक अक्षरं दिसेनात, शेवटी मोबाइलवर मोठी करून वाचली. वाचता वाचता लक्षात आलं की येशू तेहतिशीच्या आसपास गेला. गुडघे धरणं, रात्री दोनदा उठावं लागणं, एकाच पगारात आईची औषधं आणि पोरीच्या कर्जाचा हप्ता बसवणं, यातलं काही त्याच्या वाट्याला आलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात एके ठिकाणी विरोधक त्याला टोमणा मारतात की तू तर अजून पन्नाशीचाही नाहीस. ते वाचून मला हसूच आलं. तो नव्हता, पण मी आहे ना! मग या सगळ्या गोष्टीत माझ्या वयाचं कोण आहे?

मरिया आहे.

आम्ही प्रोटेस्टंट लोक मरियेकडे फारसं बघत नाही. ती नाताळच्या नाटकात निळी ओढणी घेऊन येते, आणि मग थेट गुड फ्रायडेलाच दिसते. पण हिशेब करा. त्या काळी ज्यू मुलींची लग्नं लवकर होत. येशू झाला तेव्हा ती पंधरा-सोळाची धरली, तर वधस्तंभाखाली असलेली बाई पन्नाशीच्या जवळची होते. माझ्या बायकोच्या वयाची. आमच्या महिला संघाच्या अध्यक्षबाईंच्या वयाची. योहान तिच्याबद्दल एवढंच लिहितो की ती तिथं उभी होती. ती काही बोलली असं तो लिहीत नाही. शिष्यांमधले बरेचसे जवान गडी पळून गेले होते. ही उभी होती.

आणि त्या घडीलाही येशूला आठवलं की आईचं पुढे कसं होणार. तिच्या राहण्याची त्याने सोय करून दिली. तो शिष्य तिला आपल्या घरी घेऊन गेला, असं पुढच्याच ओळीत येतं. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या अध्यायात ती अजून एकदा दिसते. माडीवरच्या खोलीत सगळे प्रार्थना करत बसलेत, त्यांच्यात तीही आहे. तेवढंच. त्यानंतर नाव नाही.

माझ्या वयाला यातून दोनच गोष्टी मिळाल्या, आणि त्या दिवशी मी त्याच बोललो. एक, उभं राहायचं. दोन, कोणाला तरी आपल्या घरचं माणूस मानायचं आणि आपणही कोणाच्या घरचं व्हायला लाजायचं नाही. यातलं दुसरं जास्त अवघड आहे.

उभं राहण्यावरून एक आठवण सांगतो. ९ जानेवारी २०२१, शनिवारची पहाट. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली, ७ वाचवता आली. आपल्या जिल्ह्यात हे कोणी विसरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. कोरोनाचे दिवस, मास्क लावून, एक जागा सोडून एक असे बसलो होतो. पंचविशीचा असतो तर कदाचित मी उठून देवाच्या योजनेबद्दल काहीतरी बोललो असतो. त्या दिवशी कोणीच काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी उपदेशाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. किती वेळ उभे होतो माहीत नाही. आईचे पाय थरथरायला लागले, तिनं माझा हात धरला, पण बसली नाही. त्या बाळांच्या आयांना देव कुठं होता हे सांगायला माझ्याकडे तेव्हा शब्द नव्हते, आजही नाहीत. पण त्या रविवारी आम्ही घरी बसून राहिलो नाही, एका ठिकाणी येऊन उभे राहिलो, एवढं मला आता विश्वास या शब्दात धरता येतं. त्यापेक्षा मोठं बोलायची हिंमत या वयात होत नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, पन्नाशी म्हणजे नुसतं उभं राहणं आणि सहन करणंच का? तर तसंही नाही. आमच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी गीतं आहेत. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एका गोऱ्या प्रवाशाने बायबल दिलं. नागपूरहून राजनांदगावला जाणारी ती लाइन आपल्याच भंडारा रोडवरून, म्हणजे वरठीवरून जाते. प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना मला हे नेहमी आठवतं. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा वय ३३. लक्ष्मीबाईंना ते पटलं नव्हतं. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट सगळे इथपर्यंतच सांगतात. मला आता तिचा पुढचा भाग जास्त जवळचा वाटतो. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. येशूला मानणारे, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे त्यात यावेत असा विचार. पंचावन्नाव्या वर्षी! आपल्याकडे त्या वयात माणूस पेन्शनचे कागद जुळवत असतो. पुढे दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. शाळेत न गेलेली ही बाई. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी हातात घेतलं, आणि साठी ओलांडल्यावर त्यांचं 'स्मृतिचित्रे' छापून आलं. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत ते आजही पहिल्या काहींमध्ये धरतात. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंनीही चाळिशीनंतर बायबलचं भाषांतर हाती घेतलं आणि १९२२ मध्ये जाईपर्यंत त्या ते करत राहिल्या.

ही फार मोठी माणसं. मी काही ग्रंथ लिहिणार नाही. पण पन्नाशीनंतर हातात नवं काम येऊ शकतं, हे त्यांच्याकडून घेता येतं.

माझ्या हातात आलेलं काम अगदी साधं आहे. मावशींच्या दफनानंतर आम्ही सहा जण बसलो आणि मंडळीतल्या सत्तरीपुढच्या माणसांची यादी केली. त्यात एकटं कोण राहतं त्यावर खूण केली. सगळ्यांची गरज मिळतीजुळतीच निघाली. नागपूरला डॉक्टरकडे न्यायला कोणीतरी हवं, ६० किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. बँकेत सोबत हवी. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला हवा. म्हणजे आपण जिवंत आहोत हे दर वर्षी कागदावर सिद्ध करायचं. आमची एक आजी म्हणते, "मी मरन तवा सांगतो ना बापा, एवढी घाई काऊन करता?"

निराधार म्हाताऱ्या माणसांना श्रावणबाळ योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात. वय ६५ हवं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. आजच्या भावात हा आकडा कसा बसवायचा हे ज्याचं त्याने बघावं. त्यातही मशीनवर अंगठा लावायची वेळ येते. जन्मभर चिखलात रोवणी केलेल्या, धुणीभांडी केलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नसतात. मशीन म्हणतं, जुळत नाही. मी एकीला घेऊन तीन वेळा गेलो. तिसऱ्यांदा तिथल्या पोराने तिचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, थोडा चोळला, आणि जुळला. त्या पोराचं नाव मी विचारलं नाही, पण त्या रात्री आईच्या प्रार्थनेत त्याचा नंबर लागला.

शाळा सुटल्यावर दोन तास जातात. सुरुवातीला यादीत फक्त आमच्या मंडळीतली नावं होती. आता ती कोणाची आहे हे सांगता येत नाही. किराणावाल्यांच्या आत्या आहेत, बौद्ध विहारामागचे एक रिटायर्ड ड्रायव्हर काका आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात जा, धान कापायच्या दिवसांत शेतात कोण दिसतं ते बघा. पोरं बाहेर आणि बांधावर साठीची माणसं. हा प्रश्न चर्चचा, विहाराचा, देवळाचा, मशिदीचा असा वेगळा नाही. कोण किती वाढलं याची मोजणी सगळे करतात. घरात एकटं कोण उरलं याची मोजणी कुठंच होत नाही.

आता घरचं. मुलगी म्हणते, "पप्पा, सहा वर्षं कशाला थांबता? आत्ताच रिटायरमेंट घ्या आणि आजीला घेऊन इकडे या." तिचं बरोबर आहे. इथं रात्री आईला काही झालं तर मी घाबरतो, पुण्यात दवाखाना पाच मिनिटांवर आहे. बायकोचंही मन तिकडे ओढतं, नात झाली आहे. खरं सांगायचं तर माझंही ओढतं. व्हिडिओ कॉलवर नात मोबाइलच्या काचेला तोंड लावते तेव्हा वाटतं, बॅग भरावी. आईला विचारलं तर ती म्हणते, "मी नाई येत. माझी जागा तुझ्या बाबाच्या बाजूले आहे." ती जागा तिनं खरोखरच धरून ठेवलीय. ईस्टरच्या आधी बाबांच्या कबरेला चुना मारताना बाजूच्या रिकाम्या जागेवरचं गवतही ती काढायला लावते.

सध्या मी मुलीला एवढंच सांगितलंय की आई आहे तोपर्यंत इथं. पुढचं पुढे. यात मोठा त्याग वगैरे काही नाही. आम्ही सहा जण आहोत, त्यातला एक गेला की पाच उरतात, हा साधा हिशेब आहे. आणि एक दिवस त्या पेटीत मीही असणार. तेव्हा बाजूला कोण असेल हे मला आत्ता ठरवता येत नाही. पूर्वी या विचाराने झोप जायची. आता तेवढी जात नाही, कारण त्या दिवशी चपला हातात धरून चिखलात उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

तर, सांगायचं एवढंच. आपल्या गल्लीत सत्तरीपुढचं एकटं माणूस कोण आहे, हे आज एकदा मोजा. नाव आणि फोन नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आठवड्यातून एक फोन करा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं विचारा. नागपूरला जाणार असाल तर कोणाला यायचंय का तेही विचारा, गाडीत एक जागा असतेच. यासाठी संस्था लागत नाही, पावती लागत नाही, आणि कोणी कोणाचा धर्म बदलत नाही. तुमच्या गावात असं काही चालू असेल तर तेही सांगा, आम्हाला शिकायला मिळेल.

जय ख्रिस्त. जय भीम. रामराम. सलाम. ज्याला जो लागेल तो घ्या.